पट्टीच्या टोकाला दहा किलो: एफईएमध्ये बिंदूभार कसा लावायचा आणि वाक कसा मोजायचा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या रबाळे, महापे, पावण्याच्या शेडमध्ये फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढं वजन टांगलं तर हे किती वाकेल?" आता त्याचं उत्तर लॅपटॉपवर एफईएने, म्हणजे फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिसने मिळतं: सॉफ्टवेअर जॉबचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडतं, ते एकमेकांना ठरावीक बिंदूंवर (नोडवर) जोडतं आणि या जाळीचं (मेशचं) गणित सोडवतं. मॉडेल काढायचं, एक बाजू पकडायची, दुसऱ्या बाजूला बाण लावायचा, सॉल्व्ह दाबायचं. लाल-निळा नकाशा येतो, शेजारी तीन दशांशांपर्यंत आकडा येतो, आणि तो आकडा रिपोर्टात जातो.

त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे दोन गोष्टींवर ठरतं. भार मॉडेलमध्ये नेमका कशावर बसला, आणि वाक कुठल्या बिंदूचा, कशाच्या तुलनेत वाचला. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलांचे प्रोजेक्ट बघताना, छोट्या युनिटमधले रिपोर्ट वाचताना मला सगळ्यात जास्त गोंधळ याच दोन ठिकाणी दिसतो. म्हणून हा लेख फक्त तेवढ्यावर आहे. उदाहरण मुद्दाम साधं घेतलं आहे, कारण ते हाताने सोडवता येतं, सॉफ्टवेअरमध्ये करता येतं आणि बेंच व्हाइसमध्ये धरून मोजताही येतं. तीन वाटांनी एकच उत्तर आलं की मगच अवघड जॉबला हात घालावा.

जॉब असा: माइल्ड स्टीलची ५० × १० मि.मी.ची पट्टी, ४०० मि.मी. लांब. कळंबोलीच्या स्टील मार्केटात किंवा कुठल्याही फॅब्रिकेटरकडे ती तुकड्यात मिळते. ८० मि.मी. व्हाइसच्या जबड्यात, तिथून ३०० मि.मी.वर १० किलोचं वजन, पुढे २० मि.मी. मोकळं टोक. पट्टी आडवी, म्हणजे १० मि.मी. जाडी उभ्या दिशेत.

आधी कागदावर

सॉफ्टवेअर उघडण्याआधी उत्तर माहीत हवं. एका टोकाला पक्क्या धरलेल्या पट्टीसाठी भाराखालचा वाक म्हणजे भार × लांबीचा घन, भागिले (३ × ई × आय). ई म्हणजे मटेरियलचा ताठरपणा (यंग मॉड्युलस), आय म्हणजे छेदाच्या आकाराचा वाकण्याला होणारा विरोध.

भार १० किलो, म्हणजे ९८.१ न्यूटन. लांबी ३०० मि.मी. आयएस ८०० : २००७ ही स्टील बांधकामाची भारतीय मानक संहिता स्टीलसाठी ई हा २,००,००० न्यूटन प्रति चौरस मि.मी. धरते. पट्टीसाठी आय म्हणजे रुंदी × जाडीचा घन ÷ १२, इथे ५० × १००० ÷ १२ = ४१६७ मि.मी.चा चौथा घात. उत्तर येतं १.०६ मि.मी.

ताणही (स्ट्रेस) काढून ठेवा. जबड्यापाशी मोमेंट (भार × अंतर) ९८.१ × ३०० = २९,४३० न्यूटन-मि.मी., सेक्शन मॉड्युलस (आय भागिले निम्मी जाडी) ८३३, म्हणून ताण सुमारे ३५ एमपीए (न्यूटन प्रति चौरस मि.मी.). ई २५० ग्रेडच्या स्टीलची यील्ड, म्हणजे कायमचं वाकायला लागण्याची मर्यादा, २५० एमपीए असते, तेव्हा आपण खूप आत आहोत. वाक लांबीच्या मानाने अगदी लहान आहे. लिनियर स्टॅटिक विश्लेषण (स्थिर भार, वाक भाराच्या प्रमाणात) पुरेसं आहे, आणि वजन दुप्पट केलं तर वाकही दुप्पट होईल.

अधल्यामधल्या बिंदूंचे आकडेही आत्ताच काढा, पुढे लागतील. जबड्यापासून १०० मि.मी.वर ०.१५७, २०० मि.मी.वर ०.५४९ आणि ३०० वर १.०६ मि.मी. भाराच्या पुढचं मोकळं टोक वाकत नाही, सरळच राहतं, पण उतरणीवर असतं. तिथला उतार दर मि.मी.ला ०.००५३ मि.मी. आहे. म्हणजे ३१० मि.मी.वर वाचलं तर आकडा १.११ येतो. दहा मिलिमीटर पुढे वाचलं म्हणून पाच टक्के जास्त. हे लक्षात ठेवा.

युनिट आणि मटेरियल

मि.मी., न्यूटन, एमपीए हा संच धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. या संचात वस्तुमानाचं एकक टन होतं, त्यामुळे स्टीलची घनता ७८५० न लिहिता ७.८५ भागिले दहाचा नववा घात अशी लिहावी लागते आणि गुरुत्व ९८१० मि.मी. प्रति सेकंद वर्ग. जी सॉफ्टवेअर युनिट स्वतः सांभाळतात त्यांत हा प्रश्न येत नाही, पण कॅल्क्युलिक्स किंवा अबॅकस या सॉल्व्हरना (गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमना) युनिट कळतच नाहीत. तुम्ही द्याल तो आकडा ती घेतात.

मटेरियलची तयार यादी उघडून बघा. अ‍ॅन्सिसच्या 'स्ट्रक्चरल स्टील'मध्ये ई २०० गिगापास्कल असतो. फ्रीकॅडच्या यादीतल्या 'कॅल्क्युलिक्स-स्टील'मध्ये २१० असतो. दोन मित्रांनी एकच पट्टी दोन सॉफ्टवेअरमध्ये सोडवली तर एकाला १.०६ आणि दुसऱ्याला १.०१ मिळेल, आणि दोघं मेशला दोष देत बसतील. पॉयसन गुणोत्तर (लांबीत ताणलं की रुंदीत किती आकसतं ते) ०.३ ठेवा.

कुठलं एलिमेंट

पट्टीसाठी तीन पर्याय आहेत: बीम (जॉब म्हणजे नुसती रेघ), शेल (जाडी दिलेलं पातळ पृष्ठ) आणि सॉलिड (पूर्ण त्रिमितीय). फक्त वाक हवा असेल तर बीम एलिमेंट सर्वात स्वच्छ. त्यात बिंदूभार खरोखर बिंदूवर लावता येतो आणि उत्तर सूत्राशी जुळतं. त्रिमितीय मॉडेल दिसायला छान असतं म्हणून आपण सॉलिडकडे धावतो, आणि बिंदूभाराची खरी अडचण नेमकी तिथेच सुरू होते. हा लेख सॉलिड धरून पुढे जातो, कारण बहुतेक जण तेच वापरतात.

मॉडेल काढताना जबड्यातला ८० मि.मी.चा भाग काढू नका. ३२० मि.मी.ची पट्टी काढा आणि तिचं मागचं टोक पकडा. जबड्याची ढिलाई आपण प्रत्यक्ष मोजमापात वेगळी काढणार आहोत.

आणखी एक काम इथेच उरका. वरच्या पृष्ठावर ३०० मि.मी.च्या जागी आडवी रेघ पाडून पृष्ठ दोन भागांत विभागा. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये याला स्प्लिट, इम्प्रिंट किंवा पार्टिशन म्हणतात. ही रेघ नसेल तर मेश करताना त्या जागी नोड पडेलच याची खात्री नाही, आणि मग माणूस जवळचा कुठला तरी नोड निवडतो. वर पाहिलंच, दहा मि.मी. इकडेतिकडे झालं तर किती फरक पडतो. भारासाठी आणि वाचनासाठी लागणारा प्रत्येक बिंदू आधी भूमितीत असावा. १०० आणि २०० मि.मी.लाही रेघा पाडून ठेवा.

टेकू

मागच्या पृष्ठाचे सगळे नोड तिन्ही दिशांना शून्य. इतकं पुरतं. यात पृष्ठाचं आडवं प्रसरणही अडतं, त्यामुळे तिथल्या कडांवर ताण थोडा अवास्तव वाढतो आणि वाक सूत्रापेक्षा किंचित कमी येतो. वाकासाठी हे चालतं. जबड्यापाशी ताण वाचायचा असेल तर टेकूपासून एक-दोन जाडीइतकं दूर जाऊन वाचा.

सॉल्व्हरने 'सिंग्युलर मॅट्रिक्स' किंवा 'झिरो पिव्हट' म्हणून हात वर केले, तर जवळजवळ नेहमी टेकू कमी पडलेला असतो आणि जॉब हवेत तरंगतो आहे असं समजा.

भार: इथे थांबून विचार करायचा

बिंदूभार ही गणितातली सोय आहे. वर्कशॉपमध्ये कुठलंही वजन बिंदूवर बसत नाही. तारेचा फास पट्टीच्या कडांवर बसतो, हूक छोट्या भागावर, ट्रॉलीचं चाक अंगठ्याएवढ्या ठशावर. बीमच्या सूत्रात हा फरक विरघळून जातो, सॉलिडमध्ये विरघळत नाही.

फ्रेंच गणितज्ञ जोसेफ बुसिनेस्क यांनी १८८५ मध्ये सपाट, अमर्याद खोल घन पदार्थावर एका बिंदूत भार लावला तर काय होतं याचं उत्तर दिलं. पृष्ठाचं खचणं भारापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतं आणि ताण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे बिंदूजवळ सरकत गेलो की दोन्ही अनंताकडे जातात, पण ताण कितीतरी वेगाने. मेश बारीक करणं म्हणजे त्या बिंदूजवळ सरकणंच.

आपल्या पट्टीवर हे आकड्यांत बघा. एकाच नोडवर ९८.१ न्यूटन लावला आणि मेश १ मि.मी.ची असली, तर त्या नोडपाशी ताण शंभर एमपीएच्या आसपास दिसेल. मेश अर्धा मि.मी. केली की चारशेच्या घरात. खरा वाकण्याचा ताण ३५, तोही दुसऱ्या टोकाला. याउलट स्थानिक खचणं १ मि.मी.च्या मेशला बुसिनेस्कच्या सूत्राने ०.०००१४ मि.मी. येतं, १.०६ समोर अगदीच नगण्य. भार दहा किलोऐवजी एक टन असता तरी ते खचणं ०.०१४ मि.मी. भरलं असतं, पण त्या नोडवरचा ताण दहा हजार एमपीएजवळ पोचला असता.

यातून कामाचा निष्कर्ष असा. लांब-सडपातळ जॉबमध्ये फक्त वाक हवा असेल तर एका नोडवर भार लावायला हरकत नाही, वाक बरोबर येतो. त्या नोडजवळचा ताण मात्र वाचायचा नाही, रिपोर्टात छापायचा नाही, आणि त्या लाल ठिपक्याकडे बघून जाडी वाढवायची नाही. जाडजूड, आखूड जॉबमध्ये, जिथे एकूण वाकच काही मायक्रॉन असतो, तिथे स्थानिक खचणंही आकड्यात मिसळतं, आणि मग बिंदूभार वाकासाठीही नको.

सेंट-व्हेनांत यांनी १८५५ च्या सुमारास मांडलेलं तत्त्व इथे मदतीला येतं. भार नेमका कसा पसरला आहे याचा परिणाम त्या भागाच्या आकाराएवढ्या अंतरात विरून जातो. पुढे उरतो तो एकूण भार आणि त्याची मोमेंट. म्हणून एकूण भार, दिशा आणि जागा या तीन गोष्टी चोख ठेवल्या की दूरचा वाक बिघडत नाही.

आता भार लावण्याच्या वाटा, मला योग्य वाटतात त्या क्रमाने.

सर्वात चांगली वाट म्हणजे छोट्या पृष्ठभागावर पसरलेला भार. प्रत्यक्षात वजन जिथे टेकतं तेवढा तुकडा भूमितीत कापा आणि त्या पृष्ठावर एकूण ९८.१ न्यूटन द्या. अ‍ॅन्सिसमधला पृष्ठावर लावलेला 'फोर्स' आणि फ्रीकॅडमधला पृष्ठावरचा 'फोर्स' दोन्ही एकूण भार घेतात आणि स्वतः वाटतात. 'प्रेशर' निवडलात तर भाराला क्षेत्रफळाने भागून द्यावं लागतं. हे दोन बटणांतलं अंतर कमी आणि परिणामातलं प्रचंड, तेव्हा सोडवल्यावर प्रतिक्रियाबल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी वाट रेघेवर. आपल्या तारेच्या फासाला ३०० मि.मी.ची रेघ चांगली जुळते. रेघेवर भार दिला की सॉफ्टवेअर तो नोडांवर वाटतं.

वाटप सॉफ्टवेअरलाच करू द्या, असं मी आग्रहाने सांगेन. पुष्कळ जण पृष्ठावरचे नोड मोजतात, भाराला त्या संख्येने भागतात आणि प्रत्येक नोडला सारखा हिस्सा देतात. हे चुकतं. साध्या, पहिल्या क्रमाच्या (फक्त कोपऱ्यांवर नोड असलेल्या) एलिमेंटमध्येही रेघेच्या दोन टोकांच्या नोडना मधल्यांच्या निम्मा हिस्सा मिळायला हवा. दुसऱ्या क्रमाच्या (बाजूंच्या मध्यावरही नोड असलेल्या) एलिमेंटमध्ये तर एका बाजूवरचं वाटप एक षष्ठांश, दोन तृतीयांश, एक षष्ठांश असं असतं. दहा नोडच्या टेट्राच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या एलिमेंटच्या) एका पृष्ठावर सारखा दाब असेल, तर तिन्ही कोपऱ्यांना शून्य आणि बाजूंच्या मधल्या तीन नोडना प्रत्येकी एक तृतीयांश मिळतो. वीस नोडच्या विटेच्या पृष्ठावर कोपऱ्यांना चक्क उलट दिशेचा बारावा हिस्सा येतो. हे मनाने सुचणारं वाटप नाही, एलिमेंटच्या गणितातून निघतं. शिवाय मेश एका बाजूला दाट असेल तर सारख्या वाटपाने भाराचं केंद्रच दाट बाजूकडे सरकतं.

तिसरी वाट 'रिमोट फोर्स'ची. भार जॉबच्या बाहेर, अंतराळात एका बिंदूवर असतो आणि तो पृष्ठाशी जोडला जातो. हूक पट्टीच्या खाली लोंबतो, मोटर ब्रॅकेटपासून दूर बसते, अशा ठिकाणी ही वाट उत्तम, कारण भाराबरोबर त्याची मोमेंटही आपोआप येते. फक्त जोडणी कुठली ते बघा. 'रिजिड' जोडणीत ते पृष्ठ दगडासारखं ताठ होतं आणि जॉबचा वाक कमी दिसतो. 'डिफॉर्मेबल' किंवा वाटप करणाऱ्या जोडणीत ताठरपणा वाढत नाही, फक्त भार वाटला जातो. नास्ट्रान हे सॉफ्टवेअर वापरणारे पहिलीला आरबीई२ आणि दुसरीला आरबीई३ म्हणतात. जिथे खरोखर जाड, ताठ प्लेट बोल्ट केलेली असेल तिथेच पहिली वापरा.

आणि शेवटी एकटा नोड. कॅल्क्युलिक्समध्ये 'सी-लोड', अ‍ॅन्सिसमध्ये 'नोडल फोर्स', अबॅकसमध्ये 'कॉन्सन्ट्रेटेड फोर्स'. वापरायचाच असेल तर रुंदीच्या मध्यावरचा नोड घ्या. कोपऱ्यावरचा घेतला तर पट्टी पिळली जाते. आपल्या पट्टीत भार २५ मि.मी. बाजूला गेला की भार लागलेला कोपरा सुमारे १.०७६ आणि समोरचा १.०४३ मि.मी. खाली येतो. फरक छोटा आहे, पण पातळ पत्र्यात तो मोठा होतो.

शेलबद्दल एवढंच सांगतो. पातळ प्लेटच्या जुन्या सिद्धांतात बिंदूभाराखालचा वाक मर्यादित राहतो. शिअर (थर एकमेकांवर घसरणं) धरणाऱ्या शेल एलिमेंटमध्ये तोही मेश बारीक केली की हळूहळू वाढत जातो. तेव्हा शेलवरही छोटा ठसा काढूनच भार द्यावा.

मेश

पहिल्या क्रमाचे चार नोडचे टेट्रा वाकण्याच्या कामाला वापरू नका. ते फार ताठ असतात. जाडीत एकच थर असेल तर वाक खऱ्याच्या निम्म्यापर्यंतही उतरू शकतो, आणि रंगीत चित्र मात्र अगदी व्यवस्थित दिसतं. सेटिंगमध्ये 'सेकंड ऑर्डर' करा. दहा मि.मी. जाडीला ५ मि.मी.चा आकार, म्हणजे जाडीत दोन थर, पुरतात.

मग आकार २.५ मि.मी. करून पुन्हा सोडवा. ३०० मि.मी.वरचा वाक एक टक्क्याच्या आत स्थिर राहिला तर वाकापुरती मेश झाली. भाराखालचा कमाल ताण मात्र प्रत्येक वेळी वाढताना दिसेल, आणि तो का वाढतो हे आता तुम्हाला माहीत आहे.

सोडवल्यावर आधी प्रतिक्रिया, मग वाक

टेकूवरच्या प्रतिक्रियाबलांची, म्हणजे टेकू भाराला जो उलटा जोर देतो त्याची, बेरीज काढा. उभ्या दिशेत ९८.१ न्यूटन, बाकी दोन दिशांत शून्याजवळ. यात फरक असेल तर भार दोनदा लागला आहे, युनिट चुकलं आहे, किंवा दिशा तिरपी आहे. प्रतिक्रिया जुळली म्हणजे मॉडेल बरोबर ठरत नाही, पण जुळली नाही तर पुढचं काही वाचण्यात अर्थ नाही.

नंतर वाकलेला आकार बघा. सॉफ्टवेअर तो स्वतःहून कित्येक पटींनी फुगवून दाखवतं, म्हणून स्केल फॅक्टर कुठे लिहिला आहे ते शोधा आणि रिपोर्टातल्या चित्राखाली तो द्या. फुगवलेलं चित्र पाहून गिऱ्हाईक घाबरतं, आणि ते साहजिक आहे.

आता वाक वाचणं. 'टोटल डिफॉर्मेशन' हा तिन्ही दिशांच्या सरकण्याचा एकत्रित आकडा असतो, नेहमी धन. आपल्या पट्टीत तो उभ्या घटकाच्या जवळच असेल, पण फ्रेममध्ये, तिरप्या ब्रॅकेटमध्ये दोघांत मोठं अंतर पडतं. डायल गेज एकाच दिशेत वाचतो, तेव्हा तुम्हीही उभ्या दिशेचा घटक घ्या.

कमाल आकडा थेट उचलू नका. आपल्या मॉडेलमध्ये कमाल वाक मोकळ्या टोकाला, ३२० मि.मी.वर असेल, सुमारे १.१७ मि.मी. सूत्राचं १.०६ हे भाराखालचं आहे. 'माझं उत्तर दहा टक्के जास्त येतंय' ही तक्रार अनेकदा अशीच जन्मते. ३०० मि.मी.च्या रेघेवरच्या नोडांचा आकडा प्रोबने वाचा, रुंदीभर सरासरी घ्या. १०० आणि २०० चेही वाचा आणि ०.१५७, ०.५४९ शी ताडा. तीन बिंदू जुळले तर वक्राचा आकार जुळला, आणि टेकू, भार, ई यांतली चूक लपायला जागा उरत नाही.

गुरुत्व चालू ठेवलं असेल तर पट्टीच्या स्वतःच्या वजनाचे सुमारे ०.०५६ मि.मी. त्यात मिसळतात. प्रत्यक्षात डायल शून्य करताना पट्टी आधीच त्या वजनाने वाकलेली असते. तुलनेसाठी गुरुत्व बंद.

व्हाइसमध्ये ताडून बघा

या पायरीला कंटाळू नका. पट्टी, बेंच व्हाइस, मॅग्नेटिक स्टँडवरचा ०.०१ मि.मी. लघुत्तम मापाचा डायल गेज आणि काट्यावर तोललेली वजनं, एवढंच लागतं. कुठल्याही टूलरूममध्ये, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये हे असतं.

पट्टीची जाडी मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा. वाक जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातो. १० मि.मी. म्हणून आणलेली पट्टी ९.७ निघाली तर वाक साडेनऊ टक्क्यांनी वाढून १.१६ होतो. लांबीचंही तेच: ३०० ऐवजी ३०३ झाली तर तीन टक्के. खरी मापं मॉडेलमध्ये घाला आणि मगच तुलना करा.

तारेचा फास ३०० मि.मी.वर बसवा. डायलची टोकणी फासाच्या शक्य तितक्या जवळ, रुंदीच्या मध्यावर ठेवा आणि जबड्यापासूनचं तिचं अंतर लिहून घ्या, म्हणजे मॉडेलमध्येही तिथेच वाचता येईल. डायलचा स्टँड व्हाइसवर न बसवता बेंचच्या भक्कम भागावर बसवा.

एकदम दहा किलो टांगू नका. दोन-दोन किलोने चढवा, प्रत्येक टप्प्यावर वाचा, मग तसंच उतरवत वाचा. आलेख काढा. रेघेचा चढ किलोला ०.१०६ मि.मी.च्या आसपास यायला हवा. एका आकड्यापेक्षा हा चढ जास्त विश्वासाचा, कारण सुरुवातीची ढिलाई आणि डायलच्या स्प्रिंगचा दाब त्यात गळून जातो. उतरवताना शून्यावर परत आली नाही तर पट्टी जबड्यात सरकली आहे. आवळा आणि पुन्हा करा.

प्रत्यक्ष वाक बहुधा सूत्रापेक्षा जास्त येईल. व्हाइस स्वतः थोडा फिरतो. त्याचा कोन अवघा अर्धा मिलिरेडियन असला तरी ३०० मि.मी.वर ०.१५ मि.मी. दिसतात, म्हणजे चौदा टक्के. हे पट्टीचं वाकणं नव्हे, अख्ख्या पट्टीचं कलणं आहे. वेगळं काढायला दुसरा डायल जबड्यावरच लावा, शक्य असेल तर जबड्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला एकेक वाचन घ्या. त्यातून कोन काढा, ३०० ने गुणा आणि वजा करा. उरलेला आकडा मॉडेलशी काही टक्क्यांत जुळला की तुमची पद्धत बसली.

आता एक टनाचा गर्डर

हीच शिस्त खऱ्या कामाला लावू. शेडमध्ये ४ मीटर गाळ्याचा (दोन टेकूंमधल्या अंतराचा) आयएसएमबी २००, म्हणजे २०० मि.मी. उंचीचा आय-आकाराचा गर्डर, आडवा टाकून त्यावर एक टनाचा हाताने चालणारा चेन पुली ब्लॉक फिरवायचा आहे. जुन्या हँडबुकानुसार आय २२३५ सें.मी.चा चौथा घात. दोन्ही टोकं साधी टेकलेली आणि भार मध्यावर धरला तर वाक २.९३ मि.मी., ताण ४४ एमपीए. हाताने चालणाऱ्या क्रेनच्या गॅंट्रीसाठी आयएस ८०० : २००७ गाळ्याच्या पाचशेव्या भागाइतका वाक चालवते, म्हणजे ८ मि.मी. वाकाच्या बाबतीत जागा आहे. ब्लॉकचं आणि ट्रॉलीचं वजन, तसंच झटक्याचा वाढीव भार त्यात घालायचा असतो, तो विसरू नका.

शेल किंवा सॉलिडमध्ये हाच गर्डर सोडवला तर ३.०४ च्या आसपास येईल. वरचे ०.११ मि.मी. वेबच्या (गर्डरच्या उभ्या पत्र्याच्या) शिअरचे आहेत, जे साध्या सूत्रात नाहीत. चार टक्क्यांचा हा फरक खरा आहे. मेश बदलून तो घालवायचा प्रयत्न करू नका.

प्रत्यक्ष मोजताना मध्यावर एकच डायल लावला तर टेकू खचण्याचं मापही त्यात येतं. दोन्ही टोकांना एकेक आणि मध्यावर एक असे तीन डायल लावा. मध्याच्या आकड्यातून टोकांच्या आकड्यांची सरासरी वजा केली की गर्डरचा स्वतःचा वाक मिळतो. मॉडेलमध्ये कॉलम आणि ब्रॅकेट धरले असतील तर तिथेही असंच वजा करून वाचा.

दोन गोष्टी या वाकाच्या आकड्यात दिसणार नाहीत. वरची फ्लँज (गर्डरची आडवी पट्टी) दाबाखाली बाजूला सटकू शकते, आणि लिनियर स्टॅटिक विश्लेषण ते दाखवत नाही. त्याची तपासणी आयएस ८०० च्या कलमांनी वेगळी करावी लागते. दुसरी गोष्ट खालच्या फ्लँजची. ट्रॉलीची चार चाकं वेबपासून दूर, फ्लँजच्या ओठांवर चालतात, आणि प्रत्येक चाक सुमारे २४५० न्यूटन देतं. बीम एलिमेंटमध्ये हा सगळा भार वेबच्या रेषेत जातो, फ्लँजचं आडवं वाकणं अजिबात उमटत नाही. ते बघायला गर्डरचा मधला अर्धा मीटर शेलमध्ये काढा, चाकाच्या ठशाएवढे चार छोटे तुकडे फ्लँजवर कापा, प्रत्येकावर २४५० न्यूटन पसरवा, आणि वाक वाचताना फ्लँजच्या ओठाच्या आकड्यातून त्याच छेदातल्या वेबच्या तळाचा आकडा वजा करा. ताण फ्लँज आणि वेबच्या सांध्यापाशी वाचा. चाकाच्या ठशाखालचा कमाल आकडा सोडून द्या. आणि गर्डर वर चढल्यावर सक्षम व्यक्तीकडून लोड टेस्ट झाल्याशिवाय त्याखाली कुणाला उभं करू नका.